भोयर मास्तरांचे तेरा लिटर

सेलूच्या बाजारात कोणी मोजताना चुकला की लोक म्हणतात, "भोयर मास्तर झाला काय बे?" भाजीवालीने मेथीची एक जुडी कमी टाकली की गिऱ्हाईक हेच म्हणते. एसटीचा कंडक्टर डोकी मोजताना अडखळला की मागच्या सीटवरून हेच ऐकू येते. ज्या माणसाने सेलूच्या दोन पिढ्यांकडून पाढे घोकून घेतले, त्याचे नाव आता मोजता न येण्यासाठी वापरतात. खुद्द मास्तरांच्या तेरवीच्या पंगतीत, वाढप्याचा पत्रावळींचा हिशेब चुकला तेव्हा कोणीतरी हे बोलून गेला आणि अख्खी पंगत हसली. मी त्या पंगतीत होतो. माझ्या तोंडात वडा होता. तो मी गिळला आणि गप्प बसलो.

गप्प बसणे मला जन्मभर चांगले जमले. पण आता चौऱ्याहत्तर झाली, गुडघे गेले, दुकान भाच्याकडे गेले, तेव्हा एवढे तरी सरळ करून जावे म्हणून लिहितो. भोयर मास्तर मोजताना चुकले नव्हते. चुकवले मी होते. ते कसे, हे कळायला आधी मास्तर आणि त्यांची म्हैस कळायला हवी.

म्हैस म्हणजे त्यांची गाडी. काळी, अंगाने आडदांड, सात माणसे बसतील अशी जुनी डिझेल गाडी. निवृत्त झाल्यावर वर्ध्याच्या एका ठेकेदाराकडून त्यांनी ती घेतली. ठेकेदाराने आयुष्यात एकदाच खरे बोलून टाकले, "मास्तर, लई पिते ही. लिटरले नऊच्या वर जात नाई." दुसरा माणूस तिथून उठला असता. मास्तरांचे डोळे चमकले. "नऊ मार्कवाल्या पोट्ट्याले म्या पस्तीसवर नेलं हाय. हे तर मशीन हाय, याले बाप बी नाई मधात बोलाले."

नाव मात्र वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, ठेवले. पहिल्याच आठवड्यात अंगणातल्या त्या काळ्या धुडाकडे पाहून त्या म्हणाल्या, "म्हैस आनली, पन दूध काही देत नाई." मास्तरांना राग आला नाही. ते म्हणाले, "देईन. चौदा देईन. लिहून ठेव."

चौदा हा आकडा कुठून आला, देव जाणे. पण तेव्हापासून मास्तरांच्या आयुष्याला चौदा हे ध्येय मिळाले आणि माझ्या आयुष्याला मास्तर मिळाले, कारण नालवाडीला माझे टायरचे दुकान होते. सेलूहून वर्ध्याला काही कामाने यायचे असले की ते सकाळी सहालाच माझ्या शटरसमोर उभे. चाक गार असताना हवा तपासायची, हा त्यांचा नियम. म्हणून वाटेत पवनारला अर्धा तास थांबून चाके गार करून येत. "गरम टायर खोटं बोलते," असे ते म्हणत.

"शेठ, हवा पाहाची हाय."

"मास्तर, परवाच तर पाहिली."

"परवा तू जेवला. आज जेवनार नाई काय?"

हवेनंतर वजन. सगळ्यात मागची सीट काढून घरात ठेवली. तिच्यावर बसून वहिनी भाजी निवडत. छतावरचे कॅरियर गेले. ॲश ट्रे गेले. जॅक गेला, पाने गेले. डॅशबोर्डवर पितळेचा गणपती होता, तो एके दिवशी दिसेना. चौकशी केली तर म्हणाले, "देव्हाऱ्यात बसवला. गाडीत कागदाचा लावला. देव हलका पाहिजे." स्वतः अनवाणी गाडी चालवत. चपलेचे वजन हा एक भाग, आणि पायाला पेडल कळले पाहिजे हा दुसरा. वर्ध्याला लग्नाला निघाले तेव्हा त्यांनी आपल्या धिप्पाड जावयाला फाटकातच हात जोडले होते. "जावईबापू, तुमी एसटीनं येजा. तुमच्यावर आमचा जीव हाय, पन तो गाडीत बसत नाई."

हॉर्न ते वाजवत नसत. हॉर्नला करंट लागतो आणि करंटला डिझेल लागते. त्याऐवजी खिडकीतून डोके काढून शाळेतल्या आवाजात ओरडत. रस्त्यातल्या गाई त्यांना ओळखू लागल्या होत्या. पण काच उघडायची ती ओरडण्यापुरतीच. एरवी सगळ्या काचा बंद, कारण वारा आत शिरला की गाडी जड होते. मे महिन्यात वर्ध्याचे ऊन काय असते हे मी सांगायला नको. मास्तरांच्या गाडीतून उतरलेला माणूस लग्नाचा पाहुणा न वाटता नदीतून काढल्यासारखा वाटे.

आणि ब्रेक. ब्रेकचा त्यांना मनापासून तिरस्कार होता. "ब्रेक मारला म्हनजे आधी कुठं तरी चुकला. कबुली हाय ते." अर्धा किलोमीटर लांब बैलगाडी दिसली की ते पाय उचलत आणि गाडी सरपटत, ताशी पंचावन्नवरून पंधरावर येई.

एकदा हिंगणघाटला त्यांच्या एका नातेवाइकाच्या मयतीला मी त्यांच्याबरोबर गेलो. गाडी पंचावन्नच्या वर काही चढेना. कोंबड्यांनी भरलेली तीनचाकी आम्हाला मागे टाकून गेली; तिच्यातल्या कोंबड्या वळून आमच्याकडे पाहत होत्या. मागे बसलेला त्यांचा चुलतभाऊ कळवळून म्हणाला, "मास्तर, दाबा न जरा. उचलतीन ते."

"घाई कोनाले हाय? ज्याले होती तो गेला."

आम्ही पोहोचलो तेव्हा सरणाला अग्नी दिलेला होता. मृताचा भाऊ धावत आला आणि मास्तरांच्या गळ्यात पडून हमसून रडू लागला. मास्तर त्याची पाठ थोपटत होते. त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "शेठ, बारा पॉइंट आठ."

हसावे की रडावे, हा प्रश्न त्या घाटावर फक्त मलाच पडला असेल.

पण हे सगळे वेडाचार होते असे समजू नका. माणूस पक्का होता. एअर फिल्टर दर पंधरवड्याला झटकून साफ करणे, घासणाऱ्या ब्रेकचे चाक हाताने फिरवून शोधणे, नोझल तपासून घेणे, चाकांची अलाइनमेंट करणे, हे सगळे त्यांनी एकेक करून केले, आणि प्रत्येक वेळी एकच बदल करायचा म्हणजे कशाने किती वाढले ते कळते, असे ते माझ्या दुकानातल्या पोरांना बजावत. नऊची गाडी चार वर्षांत तेरावर आली. आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, असल्या धुडाला तेरा म्हणजे चमत्कार होता. पण मास्तरांना चौदा हवे होते.

त्यांच्या पायाची परीक्षा घेण्याची एक रीत त्यांच्या घरी होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. लांब निघायचे असले की वहिनी कोमट दुधाला विरजण लावून तो स्टीलचा डबा पुढच्या सीटखाली ठेवत. घरी परतल्यावर डबा उघडायचा. दही वडीसारखे लागले असेल तर गाडी नीट चालवली. पाणी सुटले असेल, चिरा पडल्या असतील, तर कुठेतरी धसमुसळेपणा झाला. मीटरशी मास्तर भांडत, माझ्याशी भांडत, दह्याशी कधी भांडले नाहीत. दही फुटले असेल त्या दिवशी निमूटपणे ताक पीत.

आता माझे प्रकरण.

माझ्या माळ्यावर चार टायर पडून होते. एका ट्रॅव्हल्सवाल्याने मागवले आणि मग फिरकलाच नाही. दोन वर्षे झाली, रबर वाळत चालले. मास्तरांच्या गाडीला जे टायर लागतात त्याहून ते एक नंबर लहान होते. रिमवर बसत होते, पण उंचीला कमी. मास्तरांचे जुने टायर गुळगुळीत झाले होते, आणि माझ्या मनात ते माळ्यावरचे चार काळे कावळे बसले होते.

बसवून झाल्यावर मास्तर खाली वाकले. चष्मा पुसून टायरच्या बाजूचे आकडे वाचले. "शेठ, हे आकडे येगळे काऊन?"

मी हात पुसत होतो. मला चांगले आठवते, हात स्वच्छ झाले तरी मी पुसत राहिलो. म्हणालो, "कंपनीनं नवीन मार्किंग काढलं, मास्तर. साइज तेच आहे."

"बसकी दिसते गाडी."

"बसकी गाडी वारा कमी खाते."

एवढे मी कुठून बोललो, कोण जाणे. पण मास्तरांचा चेहरा उजळला. ज्या माणसाने पस्तीस वर्षे पोरांच्या वहीतली नक्कल एका नजरेत पकडली, त्याने माझे उत्तर तपासले नाही. "बरोबर हाय," म्हणाले. "वाऱ्याचं म्या धरलंच नव्हतं."

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळे तिच्यावर आहे. गाडीचे मीटर रस्ता मोजत नाही. चाकाचे फेरे मोजते आणि एका फेऱ्यात अमुक इतका रस्ता संपला असे धरून चालते. चाक लहान लावले तर तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात. मीटरला वाटते, आपण खूप चाललो. गाडी जिथे तेरा किलोमीटर गेली तिथे मीटर चौदा सांगते. हे मला माहीत होते. त्या दिवशी संध्याकाळी शटर ओढताना पहिल्यांदा नीट डोक्यात आले, आणि मला हसू आले. हो, हसूच आले. खोटे कशाला सांगू?

तीन आठवड्यांनी मास्तर गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या त्या तुपातल्या बिस्किटांचा, डबा घेऊन दुकानात आले. डोळ्यांत पाणी होते. "चौदा," म्हणाले. दुकानात बसलेल्या सगळ्यांना त्यांनी गोरसपाक वाटला, आणि एक मलाही भरवला. मी तो खाल्ला.

पुढे त्यांनी मागच्या काचेवर पेंटरकडून "चौदा" असे लिहून घेतले. "पेंटाचं वजन धरलं नाई," असे हसत सांगत. भेटेल त्याला माझ्या दुकानाचा पत्ता देत. माझा धंदा वाढला. त्यांच्यासमोर नुसते "मायलेज" म्हटले तरी ते माझे नाव घेत. असा खजील करणारा जाहिरातदार कोणाला मिळू नये.

तुम्ही म्हणाल, मैलाच्या दगडांशी ताडून पाहिले नाही काय? पाहिले असते. पण तेव्हा आमच्याकडचा सगळा रस्ता चौपदरीसाठी खोदून ठेवला होता. जुने दगड उखडून नाल्यात पडले होते. वर्षभराने नवे दगड लागले, आणि त्याच महिन्यात मास्तरांच्या मीटरची केबल तुटली. मला पकडण्याची देवाने एक संधी तयार केली होती, ती केबलने घालवली. नवी केबल मिळेना. मास्तरांनी फारसा शोधही घेतला नाही. "मीटर पाहिजेच कायले? चौदा आता माह्या पायात बसलं हाय."

त्याच उन्हाळ्यात त्यांचा मुलगा प्रशांत नागपूरहून आला. चांगला मुलगा, नोकरीत वर चढलेला, बापाची काळजी करणारा. म्हणूनच त्याने ठरवले की बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर गाडी चालवू नये आणि म्हैस भंगारात द्यावी.

"बाबा, पंधरा वर्षांची झाली ती. पिते किती!"

"चौदा देते."

"कोण म्हणते?"

"बस गाडीत. दाखोतो."

पैज ठरली. यवतमाळच्या वाटेवर, सेलूपासून बरोबर एक्क्याण्णव किलोमीटरवर एक ढाबा आहे. जाऊन-येऊन एकशे ब्याऐंशी, तेही सरकारने नुकत्याच लावलेल्या दगडांवर. चौदाच्या हिशेबाने तेरा लिटर लागतात. टाकी पूर्ण रिकामी करायची, मापाने तेरा लिटर ओतायचे, एक थेंब जास्त नाही. एरवी मास्तर एक लिटर देवासाठी म्हणून जास्त टाकत; त्या दिवशी देवालाही वगळले. गाडी घरी परतली तर म्हैस राहील आणि किल्ली मास्तरांकडे राहील. नाही परतली तर दोन्ही प्रशांतचे.

मला हे फोनवर सांगितले तेव्हा मी म्हणालो, "मास्तर, एक लिटर जास्त टाका." का, ते सांगितले नाही.

"शेठ, तुह्याच टायरवर तुहा भरोसा नाई काय?" मास्तर खदाखदा हसले.

सकाळी साडेपाचला मास्तरांनी अंगणात एकट्याने नरसाळे लावून लिटरचे माप भरभरून ओतले. मधेच आतून वहिनींनी हाक मारली, "विरजन किती घालू हो? आज ऊन लई हाय." मास्तरांनी उत्तर दिले आणि पुढे मोजले. मग निघाले. पुढे मास्तर आणि प्रशांत, मागे वहिनी आणि सून, सीटखाली दह्याचा डबा.

दहाच्या सुमारास मला फोन आला. प्रशांतचा. "काका, नालवाडीच्या पुढे, पवनारच्या अलीकडे उभे आहोत. डिझेल घेऊन येता का?"

मी कॅन स्कूटरला अडकवून गेलो. रस्त्याच्या कडेला म्हैस उभी. तिच्यासमोर नवा कोरा दगड: सेलू १३. मास्तर अनवाणी उभे होते, तापलेल्या डांबरावर, एक पाय उचलत, एक टेकवत. सून बाभळीच्या सावलीत तोंडावर पदर घेऊन बसली होती.

मास्तर म्हणाले, "पाय चुकला असन माहा."

वहिनींनी सीटखालून डबा काढला. झाकण उघडले. दही पांढरेशुभ्र, सपाट, काठाला धरलेले. त्यांनी डबा वाकडा करून दाखवला. दही हलले नाही.

"दही तर लागलं हो," त्या म्हणाल्या.

मास्तर त्या दह्याकडे पाहत राहिले. मग माझ्यासमोर त्यांनी बोटांवर हिशेब केला. तो मला दिसत होता. पाय बरोबर होता. दगड बरोबर होते. चौदा तर सिद्ध झालेले होते. एकशे ब्याऐंशी नाही, गाडी एकशे एकोणसत्तरवर थांबली. चौदा गुणिले बारा एकशे अडुसष्ट.

"बारा ओतले," ते म्हणाले. "तेरा नाई. बाराच ओतले म्या."

"माह्यामुळं," वहिनी म्हणाल्या. "म्या हाक मारली तवा कितवं होतं?"

"सातवं." मग थोड्या वेळाने, "का आठवं?"

प्रशांतला वाईट वाटत होते, तरी त्याने हात पुढे केला आणि मास्तरांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. मी नरसाळ्यातून डिझेल ओतत होतो. माझ्या गुडघ्याशी माझाच टायर होता, त्यावर ते आकडे, ज्यांबद्दल मी खोटे बोललो होतो. एक वाक्य बोलायचे होते. "मास्तर, टायर लहान आहेत." एवढेच. पण मी वाक्य न बोलता डिझेल संपल्यावर नळीत शिरलेली हवा काढली, गाडी चालू करून दिली, आणि प्रशांतने तिला घरी नेले. जाता जाता सुनेने मला वाटीभर दही दिले. तेही मी खाल्ले. माझ्या या हकिकतीत मी सारखा काहीतरी खातो आहे, हे लिहिताना मलाही दिसते आहे.

सेलूत बातमी पसरायला संध्याकाळ लागली नाही. गणिताचा मास्तर आणि तेरापर्यंत मोजता येत नाही! मास्तरांनी ब्लेडने मागच्या काचेवरचे "चौदा" खरवडून काढले. गाडी अंगणात उभी राहिली. प्रशांतला तिला भंगारात पोहोचवायला सुटी मिळेना, म्हणून ती तिथेच धूळ खात राहिली, कोंबड्या तिच्याखाली बसू लागल्या.

त्यानंतर सात महिने मी सेलूला गेलो नाही. मास्तरही नालवाडीला आले नाहीत. मग डिसेंबरात एका कामाने बाजारात गेलो, तर संत्र्यांच्या ढिगासमोर मास्तर उभे. स्वेटर उलटा घातलेला. पिशवीत एकेक संत्रे टाकत होते. ओठ हलत होते. नवाशी थांबले. पिशवीत पाहिले. सगळी संत्री ढिगावर पालथी केली आणि पुन्हा एकपासून सुरू. दुसऱ्यांदा दहाशी थांबले. संत्रेवाला त्यांचाच विद्यार्थी असावा, तो हळूच म्हणाला, "मास्तर, बारा झाले. म्या मोजले."

"पक्का?"

"पक्का, मास्तर."

"नाई, तू एकडाव पुन्हा मोज. माह्यावर जाऊ नको."

मी गर्दीत मागे सरकलो. भेटलो नाही. पण त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेले नाही, आणि ते माझ्या बाबतीत नवीन होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या अंगणात गेलो. मास्तर त्याच काढलेल्या सीटवर उन्हात बसले होते. वहिनी आत कणीक मळत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितले. टायर लहान होते. मार्किंग नवे नव्हते. मला माहीत होते.

मला वाटले, आता खडू फेकून मारतील. मग त्यांनी विचारले, "किती लहान?"

"एका फेऱ्यात सोळा सेंटिमीटर."

"मोठ्याचा परीघ?"

"दोनशे तीस धरा."

"मंग याचा दोनशे चौदा." त्यांनी डोळे मिटले. बोटे हलेनात, ओठ हलेनात. सात महिन्यांपूर्वीचे मास्तर परत आले होते, आणि ते मला समोर दिसत होते. "चौदा गुनिले दोनशे चौदा, भागिले दोनशे तीस. तेरा. तेरा पॉइंट शून्य दोन." डोळे उघडले. "तेरा लिटर, तेरानं?"

"एकशे एकोणसत्तर," मी म्हणालो.

"दगड कोनता होता?"

"सेलू तेरा."

"एकशे ब्याऐंशीतून तेरा गेले?"

मी पुन्हा म्हणालो, "एकशे एकोणसत्तर."

मास्तर उठून उभे राहिले. "शकू!" असा आवाज त्यांनी दिला की कोंबड्या गाडीखालून पळाल्या. "शकू, तेराच होते वं! तू हाक मारली तवा सातवंच होतं! म्या बरोबर मोजलं होतं!"

वहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांना सगळे सांगितले. त्या पायरीवर बसल्या आणि हातांकडे पाहत म्हणाल्या, "रोज पोळ्या मोजाले लावत होते मले. चार पोळ्या. म्या मोजल्याबिगर हे खात नव्हते." मग माझ्याकडे पाहिले. "भाऊजी, आज तुमाले चहा नाई देनार."

ठीक होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"शेठ," मास्तर म्हणाले, "तू हरामखोर हायेस. पन म्या म्हातारा नाई झालो." आणि ते हसायला लागले. मला शिव्या चालल्या असत्या, ते हसणे सहन होईना. तेवढ्यात ते घरात जाऊन खडू आणि शिवणाची टेप घेऊन आले. "तुह्या बोलन्यावर आता भरोसा नाई. मोजू."

किल्ली प्रशांतकडे नागपूरला. पण मास्तरांनी दार उघडून म्हैस न्यूट्रलला टाकली, पुढच्या चाकावर आणि खाली जमिनीवर खडूची रेघ मारली, आणि मला मागे उभे केले. "ढकल." माझे गुडघे तेव्हाच गेलेले होते. मी खांदा लावला. म्हैस हलली. मास्तर चाकाशेजारी ओणवे होऊन, नाक टायरला लागेल इतके वाकून, त्या पांढऱ्या रेघेबरोबर चालत होते. रेघ वर गेली, पलीकडे गेली, मातीला टेकली. "बस!" मी थांबलो. त्यांनी टेप लावली. दोनशे चौदा.

निघताना मी म्हणालो, "मास्तर, मी सगळ्यांना सांगतो. बाजारात उभा राहून सांगतो."

"नको," ते म्हणाले. "तुह्या भाच्याचं दुकान हाय आता. त्यानं काय केलं? लोक हसतात तर हसू दे. मले समजलं, शकूले समजलं."

आणि खरे सांगतो, मला हायसे वाटले. मी पुन्हा गप्प बसलो. मास्तर होळीच्या आधीच गेले, झोपेत, कोणाला त्रास न देता. गाडी प्रशांतने भंगारात दिली. त्याला टायरचे आजही ठाऊक नाही. हे वाचून कळेल. दुकानाचे काय व्हायचे ते होवो, भाच्याला मी सांगून ठेवले आहे.

त्या दिवशी फाटकाबाहेर स्कूटर चालू करता करता मी एकदा मागे पाहिले. मास्तर गाडीच्या मागे उभे होते. खरवडलेल्या काचेवर सात महिन्यांची धूळ साचली होती. त्यांनी बोटाने तिच्यावर मोठ्या अक्षरांत १३ लिहिले. दोन पावले मागे सरून पाहिले. मग पुढे येऊन, फळ्यावर उत्तर आल्यावर मास्तर लोक मारतात तशा, त्याखाली दोन रेघा मारल्या.